सतरा मंडळांचा युरोप

पुण्यात गणपती बसलेले आणि आपण पुण्याबाहेर, असं माझ्या एकसष्ट वर्षांत एकदाच घडलं. २०२४ साली. विमानाची तिकिटं नेमकी त्याच आठवड्यात स्वस्त होती. लेक ती काढून मोकळी झाली आणि मग तिने आम्हाला कळवलं. त्यामुळे ऐन उत्सवात मी स्टुटगार्टला तिसऱ्या मजल्यावर, सोफ्यावर पाय घेऊन, फोनवर इतरांनी काढलेले देखावे बघत बसलो होतो. तेही आडवे, हलणारे आणि नेमक्या क्षणी कुणाचं तरी डोकं मध्ये आलेले.

स्टुटगार्ट आणि मुंबई या १९६८ पासून भगिनी आहेत, असं जावयाने विमानतळावरून येतानाच सांगितलं होतं. सख्ख्या नसाव्यात. इथे रात्री दहानंतर कुणी खुर्चीसुद्धा ओढत नाही. चौथ्या दिवशी माझं तोंड बघून लेक म्हणाली, "बाबा, असे सुतकात असल्यासारखे बसू नका. शनिवारी तुम्हाला देखावे दाखवायला नेते. सतरा मंडळं आहेत, सगळी एका आवारात."

मला वाटलं, इथल्या महाराष्ट्र मंडळात फूट पडून त्याची सतरा झाली असावीत. अशक्य नव्हतं. पण ती सांगत होती ते रुस्ट गावातल्या ‘युरोपा-पार्क’बद्दल. स्टुटगार्टहून पावणेदोन-दोन तासांवर, फ्रायबुर्गच्या उत्तरेला, ऱ्हाईन नदीच्या अलीकडे हे गाव. नदीपलीकडे खराखुरा फ्रान्स. पार्कात एकेका भागाला एकेक देश वाटून दिलेला आहे: इटली, ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल, आइसलँड, अगदी रशियासुद्धा. आपल्याकडे एक मंडळ केदारनाथ करतं, शेजारचं म्हैसूरचा राजवाडा करतं आणि दोन्हींच्या मध्ये भेळेची गाडी उभी असते. तेच, पंचाण्णव हेक्टरांवर.

इथे माझी पात्रता सांगणं भाग आहे. मी नुसता बघ्या नव्हे. आमच्या पेठेतल्या मंडळाचा मी अकरा वर्षं कार्यकर्ता होतो आणि त्यातली चार वर्षं हलत्या देखाव्याच्या मोटरवर. त्यातल्या शेवटच्या वर्षी अफझलखानाचा वध होता. खानाला पाडायचं काम एका जुन्या वायपरच्या मोटरकडे होतं आणि मोटर माझ्याकडे. पहिल्याच रात्री, मंडपाबाहेर चौकापर्यंत गर्दी, निवेदक रेकॉर्डवरून गरजला, "आणि खान कोसळला!" खान उभाच. पुन्हा कॅसेट लावली. पुन्हा "खान कोसळला!" खान प्रेक्षकांकडे बघत ताठ. तिसऱ्यांदा मी मागून हाताने ढकलला तेव्हा तो पडला, पण माझा हात सगळ्यांना दिसला. ‘खानाला कोपरापर्यंत शर्टाची बाही असलेल्या अज्ञात इसमाने मारलं’ हा इतिहास आमच्या पेठेत अजून सांगतात. तेव्हापासून कुठलाही देखावा मी भक्त म्हणून बघूच शकत नाही. मोटर कुठे लपवली आहे ते आधी शोधतो.

शनिवारी सकाळी निघालो. गाडीत जावई, लेक, नऊ वर्षांचा नातू चिनू, बायको आणि पाच पिशव्या. पिशव्यांत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, पाण्याच्या बाटल्या, सगळ्यांचे स्वेटर आणि बायकोच्या मते ‘असू दे, लागतं’ या सदरात मोडणारं बाकी सामान.

जावई गाडी चालवताना माहिती देतो. न विचारता देतो. पण या वेळची माहिती रंजक होती. पार्क काढणारं माक हे घराणं जवळच्या वाल्डकिर्श गावचं. १७८० पासून त्यांचा धंदा गाड्या बनवण्याचा. आधी घोडागाड्या, मग सर्कसवाल्यांच्या आणि जत्रेत खेळ लावणाऱ्यांच्या राहायच्या गाड्या, मग खेळच. विसाव्या शतकात ते रोलरकोस्टर बनवू लागले. १९७५ साली फ्रान्झ माक आणि त्यांचा मुलगा रोलांड यांनी हे पार्क उघडलं ते मुख्यतः गिऱ्हाइकांना आपली यंत्रं चालू हालतीत दाखवता यावीत म्हणून.

"म्हणजे शोरूमच की," बायको म्हणाली. "लक्ष्मी रस्त्यावर बाहुलीला साडी नेसवून काचेत उभी करतात, तसं."

"हो आई, पण इथे बाहुलीचंही तिकीट आहे."

नावाची गंमत तर मला फारच आवडली. पार्क आधी ब्रायझाख गावाजवळ ‘युरोपा’ नावाच्या पाण्याकाठी व्हायचं होतं. ते जमलं नाही, जागा बदलली, नाव मात्र राहिलं. पहिल्या काही वर्षांत पार्कात देश-बिश काही नव्हते. पहिला आला इटली, १९८२ साली, आणि मग नावाला जागण्यासाठी एकेक देश येत गेला. आपल्याकडे हे सर्रास चालतं. आधी मंडळाचं नाव ‘अखिल’ ठेवायचं, मग वर्गणीसाठी पुढची गल्ली जोडायची.

महामार्गाला या पार्कासाठी स्वतंत्र फाटा आहे. तो यायच्या आधीच झाडांच्या वर पोलादाची एक भलीमोठी कमान दिसू लागली. चिनू ओरडला, "आजोबा, सिल्व्हर स्टार!" मी हात जोडले. देवाला नव्हे, सवयीने; उंच काही दिसलं की जोडले जातात.

वर्गणी दारातच घेतात. आत शिरल्यावर पहिला देश जर्मनी. म्हणजे जर्मनीत येऊन, जर्मनीचं तिकीट काढून, जर्मनीत जायचं. तिथेच स्वागताला एक माणसाएवढा उंदीर उभा होता. गोल कान, कपडेबिपडे घातलेले, मुलांना मिठ्या मारत होता. हा एड युरोमाऊस, या पार्काचा मानाचा प्राणी. गणपतीचा आठवा दिवस, समोर एवढा मोठा उंदीर. मी आपोआप त्याच्या मागे बघितलं. मागे फक्त फुगेवाला होता. चिनूने उंदराबरोबर फोटो काढला. मी लांबूनच नमस्कार केला आणि उंदरानेही परत केला. हे बरं वाटलं.

सतरा देश एका दिवसात उरकायचे म्हटल्यावर मी परीक्षकाच्या भूमिकेत शिरलो. आमच्याकडे देखाव्यांच्या स्पर्धा असतात आणि मी दोनदा परीक्षकांबरोबर चहा प्यायलो आहे. माझी पद्धत साधी आहे: जवळ जायचं आणि बोटाच्या सांध्याने ठोकून बघायचं. ठक आवाज आला तर प्लायवूड, भद्द आला तर पुठ्ठा, आणि आवाजच आला नाही तर थर्माकोल. थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली तेव्हापासून माझं निदान थोडं कच्चं झालंय, पण हात अजून आपोआप उठतो.

जर्मनी संपता संपता झाडीत एक जुना वाडा लागला. दगडी, उतरत्या छपराचा. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. जमला नव्हता. बाकीच्या रस्त्यावरचं काम कसं एकजीव, रंग ताजे, कडा सरळ. आणि इथे जुनाटपणा उगाच जास्त दाखवलेला. एक खिडकी दुसरीपेक्षा किंचित तिरकी. आमच्याकडे असं काम घेऊन आला असता तर कलाकाराचे शेवटचे पैसे अडकवले असते. मी भिंत ठोकली. सांधा सोलवटला. तेवढ्यात जावई मागून आला. "बाबा, हा बाल्थाझारचा किल्लावजा वाडा. एवढाच एक खरा आहे. १४४२ सालचा. पार्क त्याच्या बागेत झालं."

मी बोट चोखत पुढे निघालो.

इटलीत भुताटकीचा महाल आहे. बायको आणि लेक आत जाऊन आल्या. "कसा आहे?" म्हटलं. "अंधार आहे," बायको म्हणाली. इटलीबद्दल एवढंच.

खरा मुक्काम पडला फ्रान्समध्ये, कारण सिल्व्हर स्टार फ्रान्सच्या हद्दीत आहे. त्र्याहत्तर मीटर उंच. म्हणजे आपल्याकडच्या चोवीस-पंचवीस मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली यायचं, आणि तेही ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर. २००२ साली तो सुरू झाला तेव्हा युरोपात त्याहून उंच रोलरकोस्टर नव्हता. प्रायोजक मर्सिडीझ. हे वाचून मला एकदम घरचं वाटलं. कफावरच्या औषधाच्या सौजन्याने कैलास पर्वत बघत आम्ही मोठे झालो.

रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची खूण असते. एकशे चाळीस सेंटिमीटर आणि अकरा वर्षं. चिनू नऊचा. तरी तो टाचा उचलून, मान ताणून, श्वास भरून उभा राहिला. तिथल्या मुलीने हसून मान हलवली. मला गलबलून आलं. आमच्या लहानपणी एसटीत कंडक्टर आला की आई डोक्यावर हात दाबून ‘वाक, वाक’ म्हणायची, हाफ तिकिटासाठी. दहावीच्या वर्षापर्यंत मी साडेअकरा वर्षांचा होतो. आणि आता हा पोरगा मोठा असल्याचं सिद्ध करायला धडपडतोय.

"मग तुम्ही दोघं थांबा," बायको म्हणाली. "आम्ही जाऊन येतो."

"तू?"

"का? माझी उंची एकशे बावन्न आहे."

एकोणसाठ वर्षांची ही बाई पुण्यात रिक्षावाल्याला ‘हळू हो’ म्हणून तीनदा सांगते. तिने पायांतल्या चपलांचे पट्टे घट्ट केले, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत सारलं, चष्मा माझ्या हातात दिला आणि पाचही पिशव्या माझ्या मांडीवर ठेवून लेक-जावयासोबत रांगेत निघून गेली.

प्रत्येक सहलीत पिशव्या सांभाळणारा एक माणूस असतो. त्याचं नाव कुठे येत नाही, फोटोत तर नाहीच. पण मी स्वतः तो झाल्यावर ध्यानात आलं की पार्क खरं बघतो तोच. रांगेतल्या माणसाला पुढच्याची पाठ दिसते, पाळण्यातल्याला काहीच दिसत नाही कारण डोळे मिटलेले असतात. बाकावरच्याला सगळं दिसतं. माझ्या शेजारच्या बाकावर एक जर्मन आजोबा होते, त्यांच्या मांडीवर चार पिशव्या. आम्ही एकमेकांच्या पिशव्या मोजल्या. त्यांनी मान झुकवली. पाचवाला ज्येष्ठ.

पन्नासएक मिनिटांनी चिनू ओरडला, "ती बघा आजी!" आगगाडी टोकाला पोहोचली होती. क्षणभर ती थांबल्यासारखी दिसली आणि मग सगळी माणसं एकदम खाली ओतली गेली. आवाज आला तो एकाच सुरात आला. त्यात माझ्या घरातला आवाज ओळखण्याचा मी प्रयत्न केला पण तो लागला नाही. ती परत आली तेव्हा केस उभे, गाल लाल. चष्मा घेतला, लावला, आणि म्हणाली, "अहो, मेदूवडा मिळेल का हो कुठे?" भीती गेली की तिला मेदूवडा लागतो. पहिल्या बाळंतपणानंतरही हेच विचारलं होतं.

मेदूवडा नव्हता. स्वित्झर्लंड होता. लाकडी घरं, खिडक्यांखाली लाल फुलांच्या कुंड्या. मी एक पान चिमटीत धरून बघितलं. खरं निघालं. बसून खाण्यासारखी जागा मात्र पुढे ग्रीसमध्ये मिळाली. पांढरी घुमटाकार घरं, निळी दारं, पवनचक्की. मिकोनोस बेटाची नक्कल. इथे भिंत ठोकली तर नीट गिलावा. एका पांढऱ्या भिंतीच्या सावलीत बसून आम्ही फॉइल सोडलं. समोर दगडी खांबांचं देऊळ आणि त्यातून दर दोन मिनिटांनी पाण्याच्या रोलरकोस्टरची होडी धाडकन खाली येणार, लोक किंचाळणार, आणि आपण दशमीला चटणी लावणार. पोसायडन हे त्याचं नाव, म्हणजे त्यांचा समुद्राचा देव. चिनूने विचारलं, "आजोबा, देवळात बसून खाल्लेलं चालतं?" मी म्हटलं, "प्रसाद आहे." जवळच्या बाकावरची एक बाई दशमीकडे बघत होती. बायकोने तिला एक दिली. तिने ‘पॅनकेक?’ असं विचारलं आणि चटणी लावून खाल्ली. मग पुढची पाच मिनिटं ती पाणी पीत होती. पण हसत होती, हे नोंदवलं पाहिजे.

जेवणानंतर आमच्या चालण्याला वेग आला. इंग्लंडमध्ये शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहाची प्रतिकृती आहे आणि चहा युरोत मिळतो. पौंड रुस्टपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. रशियात आरशांचे चकाकते मनोरे आणि ‘युरो-मीर’ नावाची फिरत्या डब्यांची गाडी. रशियात मी पायी शिरलो आणि पायीच बाहेर आलो, कुणी पासपोर्ट मागितला नाही. या एका सहलीच्या व्हिसासाठी मी सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पेन्शनची पावती आणि ‘मी परत येईन’ असं पटवणारं पत्र दिलं होतं. क्रोएशियाचं मंडळ सगळ्यांत नवं, त्याच वर्षीचं. त्यांचा विषय थोर शास्त्रज्ञ निकोला टेस्ला. आमच्याकडेही एक मंडळ नेहमी ‘थोर पुरुष’ करतं आणि तिथे गर्दी नसते. पण यांनी टेस्लाच्या नावाने सात वेळा उलटं करणारा रोलरकोस्टर लावलाय, त्यामुळे झुंबड. जावई एकटाच बसून आला आणि पुढचा अर्धा तास त्याने कसलीही माहिती दिली नाही. टेस्लाचे आमच्यावर उपकार आहेत.

नेदरलँडमध्ये मात्र मी अडकलो. तिथे पवनचक्क्या आणि फिरत्या कपबश्या आहेत, ते ठीक. पण मुख्य देखावा ‘बाटावियातले चाचे’. होडीत बसायचं आणि अंधारातून जायचं. बाटाविया म्हणजे आजचं जकार्ता. डचांनी स्वतःच्या देशाचा देखावा करायचा तर लुटलेल्या देशाचा केला. हे मला फार ओळखीचं वाटलं, कारण आमचं मूळ गाव वेंगुर्लं. तिथे डचांची सतराव्या शतकातली वखार आहे. पडकी. लहानपणी तिच्या भिंतीवर चढलो म्हणून मी मार खाल्ला आहे. म्हणजे हे लोक आमच्या बंदरातून तिकडे जायचे आणि तिकडचा माल घेऊन यायचे, आणि आता त्याच्या सवारीला मी नातवाला घेऊन होडीत बसलो होतो.

होडी हलली. हळू असते, म्हणून मला परवानगी मिळाली होती. पिशव्या पायात. अंधारात दोन्ही बाजूंना अख्खं बंदर उभं केलेलं: बाजार, तोफा, जंगल, दारू पिणारे, भांडणारे, पळणारे चाचे. शंभरभर बाहुल्या तरी असतील आणि सगळ्या हलत होत्या. डोळे, बोटं, खांदे. मी होडीतून अर्धा बाहेर वाकून त्यांच्या पाठीमागे बघायचा प्रयत्न केला. एक तार दिसेना. एक मोटर ऐकू येईना. एक चाचा मागे झोकांडी खाऊन बरोबर वेळेवर पडला, पुन्हा उठला, पुन्हा पडला. एकदाही अडला नाही. माझा घसा दाटला. चिनूला वाटलं मी घाबरलो. त्याने माझा हात धरला.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "हा सगळा भाग २०१८ च्या मे महिन्यात जळून गेला होता बाबा. मूळचा १९८७ चा होता. परत बांधून २०२० च्या जुलैत उघडला." मी वळून दाराकडे बघितलं. मांडवाला आग लागणं म्हणजे काय हे कार्यकर्त्याला विचारावं. आमच्याकडे एकदा नुसती झालर पेटली होती तर अध्यक्ष महिनाभर झोपले नव्हते. इथे अख्खं बंदर खाक झालं आणि यांनी पुन्हा एकेक चाचा घडवून, एकेक बोट हलवून उभं केलं. मी तिथल्या गणवेशातल्या पोराला, जो होडीचं दार उघडत होता, मराठीत ‘शाब्बास’ म्हटलं आणि पाठीवर थाप मारली. तो जरा दचकला.

या भावनेच्या भरातच मी चुकलो. बाकीचे आइसलँडमध्ये गेले. तिथे दोन मोठे खेळ आहेत. एक लाकडी, ‘वोडान’. दुसरा ‘ब्लू फायर’, जो जागच्या जागी उभा असतो आणि अडीच सेकंदांत ताशी शंभरच्या वेगाला जातो. २००९ साली तो सुरू झाला तेव्हा प्रायोजक होती गाझप्रॉम, म्हणजे रशियाचा गॅस आइसलँडमध्ये जळत होता. सांगितलं ना, मंडळ कुणाचंही असो, सौजन्य कुणाचंही चालतं. मी पाच मिनिटं बूट काढून बसतो म्हणालो, मग चहाचा वास आला म्हणून थोडा पुढे गेलो, आणि मग मागे वळलो तर आइसलँड नव्हतं.

फोन वाजला. "बाबा, कुठे आहात?"

पाटी वाचली. "पोर्तुगालमध्ये."

"तिथे कसे गेलात?"

"चालत."

"हलू नका. आम्ही आइसलँडहून निघतो. दोन मिनिटांत पोर्तुगालला येतो."

"येताना तुझ्या आईला विचार, माझा स्वेटर कुठल्या देशात राहिला?"

मागून आवाज आला, "ग्रीसमध्ये! भिंतीवर! मी म्हटलंच होतं त्यांना!"

फोन ठेवला तर समोर एक जोडपं तोंडाला हात लावून हसत होतं. मराठी. डोंबिवलीचं. एका सहल कंपनीबरोबर बारा दिवसांत नऊ देश करून आले होते आणि आता मुलाकडे मुक्काम होता. बाईंना मी विचारलं, खरा ग्रीस कसा आहे. त्या म्हणाल्या, "ग्रीस नव्हता आमच्यात. स्वित्झर्लंड होतं, पण पाऊस होता. पॅरिसला बसमधूनच टॉवर दाखवला." मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या त्या ग्रीसला कुठून जायचं हो?" मी हात करून दाखवलं. वाटेत भिंतीवर एक तपकिरी स्वेटर दिसला तर राहू द्या, म्हटलं, आम्ही येतोच आहोत.

स्वेटर मिळाला. संध्याकाळ होत आली होती आणि आम्ही पुन्हा जर्मनीत आलो होतो. पार्क सहाला बंद व्हायचं होतं. बायको थांबली आणि म्हणाली, "द्या त्या पिशव्या इकडे."

"का?"

"दिवसभर बसलात. आता एकात तरी बसा. हा हळू आहे, मी विचारून आलेय."

तो ‘व्होलेटेरियम’ होता, २०१७ चा. एका ओळीत खुर्च्या, पट्टा लावला की खुर्च्या पुढे सरकतात, पायाखालची जमीन जाते आणि पाय लोंबकळत राहतात. समोर प्रचंड मोठा गोल पडदा. आणि मग आपण युरोपवरून उडू लागतो: बर्फाचे डोंगर, किल्ले, शहरं, पाणी. वाऱ्याचा झोत येतो, डोंगर जवळ आला की पाय आपोआप वर उचलले जातात. माझ्या डावीकडे सकाळचे पिशव्यावाले जर्मन आजोबा. त्यांनाही सोडलेलं दिसत होतं. दोघांचे चार पाय हवेत. मी पहिलं अर्धं मिनिट खुर्च्या वर कशाने तोलल्या आहेत ते मान वळवून शोधलं. मग सोडून दिलं. काही मिनिटांत सगळा युरोप खालून गेला आणि मी एकदाही ठोकून बघितलं नाही.

बाहेर बायको पाच पिशव्या मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. "कसं होतं?" म्हणाली.

"उजेड आहे," म्हटलं.

परतताना गाडीत चिनू झोपला. उरलेल्या तीन दशम्या महामार्गावर संपल्या. मी चष्मा पुसला आणि मंडळाच्या ग्रुपवर निकाल टाइप केला. पुण्यात मध्यरात्र व्हायला आली होती, म्हणजे सगळे जागेच असणार.

‘हलता देखावा, प्रथम: नेदरलँड. अंधार, वेळ आणि पडणारा चाचा यांसाठी पैकीच्या पैकी. खानाची उणीव चाळीस वर्षांनी भरून निघाली. स्थिर देखावा, प्रथम: ग्रीस. सावली उत्तम, बसायची सोय आहे, भिंतीवर ठेवलेली वस्तू जागच्या जागी मिळते. रोषणाई: रशिया. सामाजिक सलोखा: पोर्तुगाल. उत्तेजनार्थ: जर्मनी. वाडा १४४२ चा असूनही जुना वाटतो, पुढच्या वर्षी रंग काढावा.’

दोन मिनिटांत तीस अंगठे आले. मग अध्यक्षांचा निरोप आला. अध्यक्ष ऐंशीचे आहेत, फारसं लिहीत नाहीत, त्यांना बाकी कशाशी देणंघेणं नसतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, ‘मूर्ती कशी होती?’

मी लिहिलं, ‘मूर्ती नाही. उंदीर आहे.’